पाचव्या सामन्याआधीचा पुरस्कार

बातमी आली तेव्हा नखले बुरैदी बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला उभा राहून पोरांना शिव्या घालत होता. वीज गेली होती, जनरेटर सुरू होईपर्यंत हॉल अर्धवट अंधारात होता, आणि तेवढ्या वेळात दोघांनी खाली बसून घेतलं होतं. दिवे लागले आणि त्याच क्षणी त्याचा सहायक नर्सेस ताश्ज्यान हातात फोन नाचवत दारातून धावत आला.

"कोच! मिळाला! यंदाचा सर्वोत्तम प्रशिक्षक, नखले बुरैदी, करमा क्लब, जाहले!"

नर्सेस अंजर गावचा आर्मेनियन, तोलूनमापून बोलणारा. त्याला असं ओरडताना कोणी कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर कोणाला काही कळेना. मग सगळी पोरं नखलेवर तुटून पडली. कोणी पाण्याच्या बाटल्या ओतल्या, कोणी त्याची टोपी हवेत भिरकावली. सगळ्यात आधी त्याच्या गळ्यात पडला तो बाकिर शमस.

"तुम्हीच कोच! तुम्हीच!" असं ओरडत त्याने नखलेला चक्क उचलून गरागरा फिरवलं.

अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस रडला की काय, हे पाण्यामुळे कोणाला कळलं नाही. दर वसंतात लीगमधले सगळे प्रशिक्षक आणि क्रीडा पत्रकार मतं देऊन हा मान ठरवत. नखले आधी शाळेत खेळाचा मास्तर होता, मग एकोणीस वर्षं लीगमध्ये. दोनदा तो अगदी उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आला होता. एका वर्षी तर त्यानेच घडवलेला एक खेळाडू प्रशिक्षक होऊन पुरस्कार घेऊन गेला, आणि नखले पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. गेल्या हंगामात करमा क्लब खालच्या विभागात ढकलला जाता जाता वाचला होता. यंदा तोच क्लब उपांत्य फेरीत बैरूतच्या बड्या मनारा क्लबशी दोन-दोन अशा बरोबरीत होता. शुक्रवारी जाहलेत पाचवा सामना. जिंकेल तो अंतिम फेरीत. त्याच सामन्याच्या आधी, भर कोर्टावर, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर नखलेच्या हातात पुरस्कार द्यायचा असं लीगने ठरवलं होतं.

गलका ओसरला. पोरं टॉवेलने डोकी पुसायला लागली. नखले बाकावर बसून बुटांतलं पाणी झटकत होता, तेव्हा बाकिर शेजारी येऊन टेकला.

"कोच, एक विचारू?"

"विचार."

"हे सगळे मघाशी कशाबद्दल ओरडत होते?"

नखलेला वाटलं पोरगं थट्टा करतंय. त्याने हसून मान वर केली. बाकिर हसत नव्हता. दिव्यांकडे डोळे बारीक करून पाहत तो उत्तराची वाट पाहत होता.

नखलेचं हसू ओठांवरच राहिलं.

आदल्या दिवशी, बैरूतमधल्या चौथ्या सामन्यात, बाकिर उसळलेला चेंडू घ्यायला झेपावला होता आणि मनाराच्या उंच सेंटर-खेळाडूचं कोपर त्याच्या कानशिलावर बसलं होतं. तो धाडकन पडला. मग हसत उठला, मीच खेळणार म्हणाला, आणि शेवटच्या सत्रात एकट्याच्या जिवावर त्याने सामना ओढून आणला. सगळ्या देशाने तो खेळ पाहिला होता. बावीस वर्षांचा, बालबेकच्या पलीकडच्या एका गावातला हा पोरगा रातोरात सगळ्यांच्या तोंडी झाला होता.

"बाकिर," नखले हळूच म्हणाला, "काल सामना कोणी जिंकला?"

"आपण. काय कोच तुम्ही!"

"शेवटचा टाइम-आउट मी कधी घेतला? काय सांगितलं होतं तुला?"

बाकिरने कपाळ चोळलं. मग चिडून उठला. "माझी परीक्षा घेताय का? डोकं जरा दुखतंय, झोप नाही झाली. एवढंच."

*

डॉक्टर सलवा फ्रैजीने बाकिरला तासभर तपासलं. ही क्लबची जुनी डॉक्टर. बोलायला रोखठोक. तिने बाकिरला बाहेर बसवलं आणि नखलेला आत बोलावलं.

"मेंदूला धक्का बसलाय. स्कॅनच्या फोटोत रक्तस्राव दिसत नाही, पण म्हणून काही नाही असं समजू नकोस. त्याचा तोल जातोय, उजेड सहन होत नाही, सकाळी उलटी झाली ते त्याने तुला सांगितलं नसणार."

"नाही."

"निदान दोन आठवडे कोर्टाचं नाव नको. शुक्रवारी याच डोक्यावर पुन्हा फटका बसला, तर पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित तो उठणारच नाही."

"कदाचित," नखले म्हणाला.

"हो. याहून पक्कं तुला कोणी सांगितलं, तर तो खोटं बोलतोय असं समज."

गोष्ट संध्याकाळच्या आत क्लबच्या अध्यक्षापर्यंत पोचली. रेमों जबूरला जाहलेत सगळे 'रईस', म्हणजे अध्यक्षसाहेब, असंच म्हणत. द्राक्षाच्या मळ्यांचा आणि दारूच्या कारखान्याचा मालक. क्लब त्याने बुडता बुडता वाचवला होता हे खरं, आणि ते तो कोणाला विसरू देत नसे हेही खरं. त्याने नखलेला बरदौनी नदीच्या काठावरच्या आपल्या नेहमीच्या हॉटेलात बोलावलं. समोर कच्च्या मांसाचा किब्बे, मुळा, पुदिना, अरक दारूचा पेला, सगळं मांडून ठेवलेलं.

"ये, ये! सर्वोत्तम प्रशिक्षक!" रईसने त्याचे दोन्ही गाल चुंबले. "तुझ्यासाठी मी किती जणांना फोन केले माहितीये? जाऊ दे. खा."

"रईस, बाकिर शुक्रवारी खेळणार नाही."

"सलवाबाईला सर्दी झाली तरी ती शवपेटी मागवते." रईसने रोटीचा तुकडा तोडला. "मी बैरूतच्या मोठ्या डॉक्टरांशी बोललो. त्यांनी फोटो पाहिले. पोरगा ठणठणीत आहे म्हणाले."

"पोराला पाहिलं का त्यांनी?"

"फोटो पाहिले म्हटलं ना."

"पाच मिनिटांपूर्वी मला मिठी मारली ते त्याला आठवत नव्हतं, रईस."

"मलाही काल काय जेवलो ते आठवत नाही!" रईस हसला, आणि मग हसू एकदम मिटवून टाकलं. "हे बघ नखले. स्पेनच्या क्लबची माणसं येतायत त्याला बघायला. बालबेककडून बसगाड्या भरून माणसं येतायत. आख्खं जाहले बावीस वर्षं अंतिम फेरीची वाट पाहतंय. तू सुखाने पुरस्कार घे, दोन गोड शब्द बोल, आणि पोराला खेळव. तुझ्या तोंडचा घास तूच का काढतोस?"

"माझा घास नाही तो. त्याचं डोकं आहे."

"त्याच्या डोक्याचा मालक तो आहे. त्याला विचारलंस?"

विचारलं होतं. बाकिर म्हणाला होता, "मला बाहेर बसवलंत तर मी पुन्हा तुमचं तोंड पाहणार नाही."

*

गुरुवारी दुपारी नखले गाडी काढून बालबेकच्या पलीकडे गेला. बाकिरच्या बापाचं हमरस्त्यावर टायरचं दुकान होतं. अबू बाकिर धिप्पाड, लाजाळू माणूस. क्लबचा कोच दारात पाहून त्याची धांदल उडाली. हात पुसत त्याने खुर्ची मांडली, चहा मागवला, पुरस्काराबद्दल तीनतीनदा अभिनंदन केलं. भिंतीवर टायरांच्या वर बाकिरचं भलंमोठं चित्र होतं.

नखलेने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. उलटीचं, दिव्यांचं, आठवणीचं. डॉक्टर सलवाचं 'कदाचित'ही.

अबू बाकिरने चहाचा पेला न पिताच खाली ठेवला.

"उस्ताज, काल रात्री तो जेवायला आला होता," तो शेवटी म्हणाला; तिकडे मास्तरांना 'उस्ताज' म्हणत. "आईला दोनदा विचारलं, आजी कुठे आहे. आजीला जाऊन तीन वर्षं झाली."

"मग तुम्ही त्याला थांबवा. बापाचं ऐकेल तो."

"नाही ऐकणार. आणि ऐकलं, तर मग जन्मभर माझ्याशी बोलणार नाही." त्याचे काळे पडलेले हात गुडघ्यांवर तसेच पडून होते. "गावातून चार बसगाड्या निघतायत. माझा भाऊ, मेहुणे, सगळे. उद्या मी उठून म्हणालो की माझा पोरगा खेळणार नाही, तर... उस्ताज, मला एकच पोरगा आहे. तुम्हाला तो खेळाडू म्हणून मिळाला, उद्या दुसरा मिळेल. तुम्ही थांबवा त्याला. तुमच्या पाया पडतो. मात्र मी सांगितलं असं म्हणू नका."

नखलेला राग आला. एवढा मोठा माणूस आणि आपलं ओझं असं दुसऱ्याच्या गळ्यात घालतोय! पण त्या माणसाच्या डोळ्यांत पाहिल्यावर राग टिकला नाही.

"तुमचं नाव नाही घेणार," तो म्हणाला आणि उठला.

परतीच्या वाटेवर नर्सेसचा फोन आला. "कुठे आहेस? भेटायचंय. फोनवर नको."

ते हॉलच्या मागच्या गाड्यांच्या जागेत भेटले. नर्सेसने सिगारेट पेटवली, दोन झुरके घेतले आणि टाकून दिली.

"रईसने मला बोलावलं होतं. तुझी खुर्ची देऊ केलीय."

"कधीपासून?"

"उद्यापासूनच. पुरस्कार होईपर्यंत तुला हात लावायची त्याची छाती नाही, टीव्ही आहे ना. पण तू बाकिरला उतरवलं नाहीस, तर दुसऱ्या सत्रात तो खाली बाकापाशी येणार, तुला घरी पाठवणार, आणि मी संघ हातात घेऊन पोराला उतरवायचं."

"तू काय म्हणालास?"

"विचार करतो म्हणालो." नर्सेसने नजर चुकवली नाही. "मी हो म्हणालो नाही, नखले. पण नाहीही म्हणालो नाही. तुला खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं मी तुझ्या मागे डावपेचांचा फळा घेऊन फिरतोय. मलाही वाटतं कधीतरी पुढे बसावं."

"त्यात गैर काय आहे?"

"गैर नाही. पण असं नको होतं."

नखले गाडीला टेकून उभा राहिला. एक गोष्ट आता त्याला लख्ख दिसली. नुसतं बाकिरला बाकावर बसवून ठेवणं पुरणार नव्हतं. खुद्द नखलेलाच बाकावरून उठवलं की पोरगा पुढच्या मिनिटाला कोर्टावर असणार होता. असं काहीतरी करायला हवं होतं, की त्यानंतर कोणीही, नर्सेस असो, रईस असो, नाहीतर बाकिर स्वतः असो, ते उलटवू शकणार नाही.

*

शुक्रवारी दुपारी अफाफ सूटला इस्त्री करत होती. नखलेची बायको, शाळेत गणित शिकवणारी, जिभेला धार असलेली. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"माइकवर काय बोलणार आहेस?"

"दोन शब्द. आभार वगैरे."

"नखले, तीस वर्षं झाली लग्नाला. तू 'वगैरे' म्हणालास की काहीतरी शिजतंय हे मला कळतं."

त्याने तिला सांगितलं. रईसचं, नर्सेसचं, त्या बापाचंही. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"एकोणीस वर्षं मी या पुरस्कारावरून तुझी कुरकुर ऐकली. ज्याला मिळाला त्याला मत कोणी दिलं, का दिलं, पाठ झालंय मला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं तशी तुझी गत. आणि आता मिळतोय, तर तो हातात घेऊन स्वतःच्या पायावर धोंडा मारणार?"

"दुसरा मार्ग असेल तर सांग."

तिने बोटांवर एकेक नाव मोजून पाहिलं. बाईला हिशेब कळत होता. तिला मार्ग सापडला नाही.

"निळा नको," ती उठत म्हणाली, "काळा घाल. निळ्या कापडावर थुंकलेलं दिसतं."

*

सामन्याच्या तासभर आधीच हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, भोंगे, धूर. एका बाजूला जाहलेवाले, त्यांच्या शेजारी बालबेककडून आलेली माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. बाकिर अंगावर सात नंबर चढवून कोर्टावर उतरला तेव्हा छप्पर उडतंय की काय असं वाटलं. तो सरावाचे फटके मारत होता. पहिला आत. दुसरा आत. तिसरा रिंगला नुसता चाटून गेला. चौथ्याला तो चेंडू हातात घेऊन थांबला आणि एक क्षण टोपली कुठल्या बाजूला आहे ते शोधतोय असं नखलेला वाटलं. इतर कोणाला वाटलं नसावं.

नखले त्याच्यापाशी गेला.

"सकाळी काय सांगितलं होतं मी? नुसते कपडे घालायचे, बसायचं."

"रईस म्हणालेत मी खेळतोय." बाकिरने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "जा कोच, तुमचा पुरस्कार घ्या. मला माझं काम करू द्या."

दिवे मंद झाले. कोर्टाच्या मधोमध एक टेबल आणलं, त्यावर काचेचा चषक. लीगचा एक अधिकारी, शेजारी रईस, दात दाखवत. निवेदकाने नखलेचं नाव घेतलं आणि पाच हजार माणसं उभी राहिली. नखले चालत मध्ये गेला. आयुष्यभर त्याने हे चालणं मनात चालून पाहिलं होतं. चषक हातात आला. रईसने त्याला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "छोटं बोल."

मग माइक आला.

"माझ्या संघाचे आभार," नखले म्हणाला. त्याने चषक परत टेबलावर ठेवला आणि खाली पाहिलं. लोकांना वाटलं गहिवरलाय, आणखी टाळ्या पडल्या. त्याने हात वर केला. "ऐका. मला एकच गोष्ट सांगायची आहे. मंगळवारी बाकिर शमसच्या डोक्याला मार लागलाय. साधा मार नाही. बुधवारी पाच मिनिटांपूर्वीचं त्याला आठवत नव्हतं. क्लबच्या डॉक्टरांनी त्याला खेळायला मनाई केलीय."

टाळ्या विरत गेल्या. ढोल वाजवणारा एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला, मग तोही थांबला.

"तो आज खेळणार नाही. त्याचा दोष नाही, तो खेळायला तयार आहे. मी खेळवणार नाही. आणि आज माझ्या जागी दुसरं कोणी बसलं आणि त्याने या पोराला उतरवलं, तर आता सगळ्या देशाने ऐकलंय की त्याला माहीत होतं. बास. एवढंच."

त्याने माइक टेबलावर ठेवला. ठक् असा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला.

आधी पहिली शिट्टी वरच्या रांगांतून आली. मग दुसरी. मग सगळीकडून. "विकला गेला!" कोणीतरी ओरडलं, आणि ते शब्द झटक्यात हजार तोंडांनी उचलले. पाण्याच्या बाटल्या कोर्टावर येऊन आपटू लागल्या. रईस अजून हसत होता, कारण कॅमेरा अजून त्याच्यावर होता. लीगच्या अधिकाऱ्याने सामन्याच्या डॉक्टरला हाताने खूण करून बोलावलं. दोघं काही बोलले, आणि डॉक्टरने रईसकडे पाहून नकारार्थी मान हलवली. आता ऐकल्यावर त्यालाही परवानगी देता येणार नव्हती.

बाकिर बाकासमोर उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने जर्सी ओरबाडून काढली, नखलेच्या पायांपाशी फेकली आणि काही न बोलता बाजूच्या दाराने निघून गेला. वरच्या रांगेतून अबू बाकिर माणसं बाजूला सारत खाली उतरताना नखलेला दिसला. दाराशी त्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला. पोराने तो झटकला. बाप तरी मागोमाग गेलाच.

*

सामना वीस मिनिटं उशिरा सुरू झाला.

बाकिरच्या जागी रिबाल खेळला, दंतवैद्यकीचा विद्यार्थी, ज्याला हंगामभर नीट घामही आला नव्हता. पहिली पाच मिनिटं त्याच्या हातातून चेंडू साबणासारखा निसटत होता, आणि स्वतःच्याच घरात लोक त्याची टर उडवत होते. मनारा बारा गुणांनी पुढे गेला.

दुसऱ्या सत्रात रईस खाली आला. बाकाच्या मागे उभा राहिला. नखलेला त्याच्या अत्तराचा वास आला.

"नर्सेस," रईस दाताखाली म्हणाला, "घे संघ."

बाकिरला आता उतरवता येणार नव्हतं. हे निव्वळ सूडासाठी होतं, आणि तिघांनाही ते कळत होतं. नर्सेस फळ्यावर खडूने बाण काढत होता. त्याने बाण पूर्ण केला.

"सामना चालू आहे, रईस," तो मान वर न करता म्हणाला. "झाल्यावर बोलू. बाजूला व्हा, पोरांना कोच दिसत नाहीये."

रईस परत आपल्या जागेवर गेला.

मध्यंतरानंतर काहीतरी बदललं. नखले ओरडत नव्हता. तो रिबालला जवळ घेऊन एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, "पास दे आणि विसर. पास दे आणि विसर." करमाचे दोन उंच खेळाडू रिंगखाली भिंतीसारखे उभे राहिले. अंतर आठवर आलं, पाचवर आलं. शिव्या घालणारे आधी गप्प झाले, मग आपण मघाशी काय म्हणत होतो ते विसरून टाळ्या वाजवायला लागले. शेवटच्या मिनिटात करमा एका गुणाने पुढे होता.

मग मनाराच्या सेंटरने, त्याच कोपरवाल्याने, एक अवघड चेंडू फळीवर आपटून आत टाकला. एका गुणाने मागे. नऊ सेकंद. नखलेने टाइम-आउट घेतला, फळ्यावर आखलं, पोरांनी ते जसंच्या तसं केलं. रिबाल कोपऱ्यात पूर्ण मोकळा सुटला. असा मोकळा फटका बाकिरने झोपेतही घातला असता. रिबालने उडी घेतली, चेंडू सुटला, रिंगवर नाचला, एकदा, दोनदा, आणि बाहेर पडला.

वेळ संपली; करमा एका गुणाने हरला होता. रिबाल कोपऱ्यात तसाच बसून राहिला. नखले सगळ्यांच्या आधी त्याच्याकडे गेला आणि हात धरून त्याला उठवलं.

"फटका बरोबर होता," तो म्हणाला. "ऐकतोयस? बरोबर होता."

खेळाडूंच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोगद्यात रईस वाट पाहत होता. आता कॅमेरा नव्हता.

"आख्ख्या गावासमोर तू माझं नाक कापलंस."

"हो," नखले म्हणाला.

"उद्यापासून या दारात पाऊल टाकायचं नाही."

"नाही टाकणार. रिबालला आज एकट्याला घरी जाऊ देऊ नका. बाहेर लोक आहेत."

अफाफ गाडीत बसून होती. काचेचा चषक तिने मांडीवर धरला होता, कारण तो टेबलावरच विसरून नखले निघाला होता आणि कोणी झाडूवाल्याने तिच्या हातात आणून दिला होता. नखलेने गाडी सुरू केली.

*

पुढचे काही आठवडे टीव्हीवर नुसता धुरळा. कोणी नखलेला संत ठरवलं, बहुतेकांनी भेकड. पंधरवड्याने बाकिरच्या डोक्याचे पुन्हा फोटो काढले. ते स्वच्छ निघाले, आणि रईसने ते वर्तमानपत्रात छापून आणले. झालं, जाहलेच्या दृष्टीने प्रश्न मिटला. पोराला काहीच झालं नव्हतं. म्हाताऱ्याने उगाच हंगाम घालवला. स्पेनची माणसं दुसऱ्याच एका खेळाडूला घेऊन गेली. बाकिरने जून संपता संपता करमा सोडला आणि मनाराशी करार केला.

रईसने खुर्ची पुन्हा नर्सेसला देऊ केली. नर्सेस नखलेच्या अंगणात येऊन बसला आणि अर्धा तास जर्दाळूंबद्दल बोलला.

"घे रे," शेवटी नखलेच म्हणाला. "तू नाही घेतलीस तर कोणी गाढव येईल. रिबालवर लक्ष ठेव."

लीगमधल्या दुसऱ्या कुठल्या क्लबचा फोन आला नाही. वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाला त्या उन्हाळ्यात काम मिळालं ते एका शाळेत, मुलींच्या संघाचं.

ऑगस्टमधल्या एका सकाळी बाकिर दारात उभा राहिला. डोळ्यांवर काळा चष्मा. अफाफने त्याला आत घेतलं, कॉफी ठेवली. तो बसला नाही.

"मी भांडायला आलोय," तो म्हणाला.

"भांड की," नखले म्हणाला.

"तुम्ही मला बाजूला घेऊन सांगू शकला असता. भर लोकांत माझी लाज काढलीत. मी वेडा झालोय असं सगळ्या देशाला सांगितलंत. स्पेनवाले माझ्यासाठी आले होते!"

"बाजूला घेऊन सांगितलं होतं. तीनदा."

"गावात लोक मला विचारतात, डोकं ठिकाणावर आहे ना? बाबासुद्धा म्हणतात, कोचने तुझा घात केला."

स्वयंपाकघरात अफाफच्या हातातली किटली ओट्यावर जोरात आपटली. ती दारात येऊन उभी राहिली. नखलेने तिच्याकडे असं पाहिलं की ती ओठ मिटून परत फिरली.

"बाबांना वाटणारच," नखले म्हणाला. "बाप आहे."

बाकिरला बहुधा वाद हवा होता, आणि वाद मिळेना. तो खुर्चीत बसला. चष्मा काढला, लगेच पुन्हा लावला. खिडकीतून ऊन येत होतं.

"मनाराच्या हॉलमधले दिवे फार प्रखर आहेत," तो म्हणाला.

"हं."

"सरावानंतर डोकं ठणकतं. रोज नाही. कधीकधी दिवसभर. वाचायला घेतलं की अक्षरं हलतात." त्याचा आवाज खाली गेला. "तिथे कोणाला सांगितलं नाहीये. सांगितलं तर करार मोडतील."

"मग मला का सांगतोयस?"

"तुमच्याकडे आता क्लब नाही ना."

नखले हसला. बऱ्याच महिन्यांनी, अगदी पोटातून. बाकिरही हसणार होता, पण त्याचा चेहरा मध्येच वाकडा झाला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. नखले उठून त्याच्यामागे उभा राहिला, खांद्यावर हात ठेवला. या वेळी पोराने तो झटकला नाही.

"ऊठ. सलवा दुपारपर्यंत दवाखान्यात असते."

"मी अजून रागावलोय तुमच्यावर."

"गाडीत रागाव. वाट लांब नाही."

डॉक्टर सलवाने बाकिरला हिवाळ्यापर्यंत घरी बसवलं. मनाराला त्याने स्वतःच सांगितलं. नखले फोन करू का म्हणाला, तेव्हा तो "नको, माझं मी सांगतो" म्हणाला. त्यांनी खूप आदळआपट केली, पण करार मोडला नाही. पाठीचं दुखणं म्हणून जाहीर केलं. खरं काय ते चारपाच माणसांपलीकडे कोणाला कळलं नाही.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी नखले कोपऱ्यावरच्या भट्टीत मनकूशे, झातर मसाला लावलेल्या गरम रोट्या, घ्यायला गेला. भट्टीवाला करमाचा कट्टर. त्या सामन्यापासून तो नखलेला मुद्दाम रांगेत ताटकळत ठेवत असे. लाकडी फावड्याने रोट्या आत सरकवत त्याने नेहमीचा टोमणा मारला.

"काय कोच, पोरगा ठणठणीत निघाला म्हणे! त्या दिवशी खेळवलं असतं तर आज चषक इथे असता."

रांगेतली माणसं नखलेकडे बघायला लागली.

"असता," नखले म्हणाला. "दोन दे. एकीवर झातर जरा जास्त घाल, अफाफला लागतं."